गोधडीचे कापड



ज्या व्यासपीठावर वेदान्त आणि अर्थकारण यांची चर्चा होते तेथे गोधडीवर बोलावयास उभे राहताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. पण लहानपणी ज्याच्या अंगावर गोधडी पडली नाही असा श्रोता या सभेत विरळाच असेल, या भरवशावर आम्ही हा विषय घेतला आहे. शिवणीबद्दल आम्ही बोलणार नाही. ज्याला धावदोरा घालता येतो त्याला गोधडी शिवता येते. अडते ते कापड निवडताना.

गोधडी म्हणजे घरातल्या चिंध्यांची मोट, हाती येईल ते खाली आणि हाती येईल ते वर, असा एक समज आहे. तो बहुधा गोधडी न शिवणाऱ्यांचा असावा. मुरलेली बाई गाठोडे सोडते तेव्हा प्रथम रंग पाहत नाही. कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ताणते, उजेडासमोर धरते. तिला कापडाचे वय पाहावयाचे असते. रंगाची पाळी नंतर येते.

हे शहाणपण आम्हांला फुकट मिळालेले नाही. आमच्या पहिल्या गोधडीत आम्ही विरलेल्या पातळांच्या मधोमध, शोभा यावी म्हणून, कोऱ्या मांजरपाटाचे चौकोन बसविले. चारचौघांत कौतुकही झाले. मग ती धुतली. मांजरपाट आटला, आणि आटताना त्याने भोवतालचे जुने कापड टाक्याटाक्याला फाडून काढले. कोरे सूत पाण्यात पडले की आखडते. जुने आधीच आखडून, झिजून शांत झालेले असते. म्हणून शेजारी शेजारी बसणारी कापडे सारख्या वयाची असावीत. कोरे कापड घ्यावेच लागले तर रात्रभर भिजवून, खळ काढून, दोनदा वाळवून मग कात्री लावावी. आणि कापावे ते उभ्या-आडव्या धाग्याच्या सरळ रेषेत. तिरपा तुकडा ओढ पडताच लांबतो, आणि सबंध गोधडी वाकडी होते.

लुगड्याचेही एकच वय नसते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. नऊवारीचा बैठकीकडचा भाग प्रथम विरतो. म्हणूनच तो कापून टाकून दोन बाजू जोडायची, दांड घालायची, रीत होती. काठाची वीण दाट, तो शेवटपर्यंत टिकतो. गोधडी ओढली जाते ती कडेला धरून, तेव्हा काठ कडेलाच लावावा. विरलेला भाग आतल्या थरात घालावा. तेथे त्याला घर्षण नाही. धोतर तर आतच शोभते. ते मऊ असते आणि त्यातून सुई अडखळत नाही. उलट जाड चादर आत घातली की पाच टाक्यांत बोट दुखू लागते. थर किती घ्यावेत? आमचे मोजमाप असे, की ओली गोधडी दोघींना पिळता आली पाहिजे. जी पिळता येत नाही ती पावसाळ्यात वाळतही नाही, आणि पुढे कोणी धूत नाही.

रंगाबद्दल थोडेच सांगतो. तांबडे किंवा गडद निळे कापड ओले करून पांढऱ्या धोतरावर घासून पाहावे. डाग उठला तर ते वेगळे ठेवावे. मग तुकडे जमिनीवर मांडून, दूर उभे राहून, डोळे किलकिले करून पाहावे. गडद आणि फिका असा भेद दिसला पाहिजे. सारख्याच उजळीचे दहा रंग जवळ आले तर गोधडी मळकट दिसते, मग प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे कितीही सुंदर असो.

आता खरी अडचण. १९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी टेरिलीनचा धागा काढला. मुंबईत १९८२च्या जानेवारीत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि पुढे अनेक गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले. आज घरातली ट्रंक उघडली तर वर येतात त्या बहुतेक कृत्रिम धाग्याच्या साड्या. रंग उत्तम, वीण शाबूत, आणि टाकवत नाहीत. पण सूत हवेतून आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओल धरते. टेरिलीन अर्धा टक्काही धरत नाही. घाम अंगावरच राहतो. शिवाय ते लवकर झिजत नाही, त्यामुळे काही वर्षांनी एक चौकोन कोरा करकरीत आणि शेजारच्या सुताची जाळी, असे दृश्य दिसते. या साड्यांची वेगळी गोधडी करावी, ती बैठकीवर अंथरावी. बाळाच्या दुपट्यात त्यांचा तुकडाही नको. ठिणगी पडली तर हे कापड वितळून कातडीला चिकटते. येथे काटकसरीचा मुद्दा आम्ही ऐकणार नाही.

काही वर्षांपूर्वी एक बाई आमच्याकडे हिरवे इरकली लुगडे घेऊन आल्या. त्यांच्या आईचे. आईला जाऊन सहा महिने झाले होते. लुगडे इतके विरले होते की घडी मोडताना भीती वाटावी. "हे वरच घाला, दिसलं पाहिजे," असा त्यांचा आग्रह. आम्ही म्हणालो, "ताई, वर घातलं तर दोन पावसाळे काढील. आत घातलं तर पुष्कळ वर्षं." त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आणि काठ?" काठ आम्ही चारी कडांना लावले, अंग दोन धोतरांच्या मध्ये घातले, आणि वर त्यांचेच एक जुने सुती पातळ घेतले.

गेल्या दिवाळीत ती गोधडी दुरुस्तीला आली. वरचे पातळ दोन ठिकाणी फाटले होते, त्याखालचे धोतरही. ठिगळ देण्यापूर्वी आम्ही फटीतून बोट घालून पाहिले. हिरवे लुगडे होते तसे होते.