कानांनी वाचावयाचा पाठ

आकाशवाणीवरून बोलणाऱ्या माणसाला एक बंधन आपोआप पडते. त्याला 'हे पाहा' असे म्हणता येत नाही. 'शेजारच्या आकृतीत दाखविल्याप्रमाणे' किंवा 'तांबड्या अक्षरांतील मजकूर ध्यानात ठेवावा' असे वाक्य त्याने लिहून आणले, तर ध्वनिक्षेपकासमोर बसण्यापूर्वीच ते कोणीतरी खोडून टाकील. हे बंधन इतके अंगवळणी पडले आहे की, त्यात श्रोत्यावर काही मेहेरबानी होत आहे असे कोणालाच वाटत नाही. मला आज ज्या विषयासंबंधी बोलावयाचे आहे, त्याचे मर्म या साध्या बंधनात आहे. संगणकावरून शिकविले जाणारे अभ्यासक्रम, ज्यांना आपण ई-लर्निंग म्हणतो, ते आता महाविद्यालयांपासून सरकारी कचेऱ्यांपर्यंत सर्वत्र आले आहेत. मात्र ते रचणाऱ्यांच्या टेबलाशी असे वाक्य खोडणारा कोणी बसलेला नसतो. त्यामुळे ज्यांना हे पाठ कानांनी वाचावयाचे असतात, त्यांची वाट मध्येच कोठेतरी बंद होते.

कानांनी वाचणे ही अलंकारिक भाषा नव्हे. अंध माणसाच्या संगणकावर स्क्रीन रीडर नावाची एक आज्ञावली असते. पडद्यावरचा मजकूर ती यांत्रिक आवाजात वाचून दाखविते. पूर्वी ही आज्ञावली विकत घ्यावयाची म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची गोष्ट होती. २००६ साली मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने 'एनव्हीडीए' ही विनामूल्य आज्ञावली लिहावयास घेतली, जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला, आणि आपल्या देशातील असंख्य विद्यार्थ्यांच्या व नोकरदारांच्या टेबलावर ती आज दिसते. सराईत माणूस हा आवाज इतक्या वेगाने ऐकतो की, शेजारी बसलेल्या आपल्याला त्यातला एक शब्दही उमगत नाही. त्याचा हात माऊसकडे जात नाही. सारा व्यवहार कळफलकावरून चालतो. एक कळ दाबली की पुढचे शीर्षक, दुसरी दाबली की पुढचे बटण, अशा उड्या मारीत तो पान चाळतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. हा वाचक पडद्याकडे पाहत नसतो. पडद्यामागे प्रत्येक वस्तूची जी नोंद असते ती तो वाचतो: वस्तूचे नाव काय, ती कोणत्या जातीची आणि तिची सध्याची स्थिती काय. 'पुढील पाठ, बटण.' 'अटी मान्य, चौकट, खूण केलेली नाही.' आम्हा कचेरीतल्या माणसांना हे चटकन पटावे, कारण आवक-नोंदवहीत ज्याची नोंद नाही तो कागद कचेरीपुरता आलेलाच नसतो. चित्रकाराने बटणासारखी दिसणारी सुंदर आकृती काढली, पण ती बटण असल्याची नोंद केली नाही, तर अंध विद्यार्थ्याच्या दृष्टीने तेथे बटण नाही. नोंद केली पण नाव दिले नाही, तर त्याला 'बटण, बटण, बटण' एवढेच ऐकू येते. कोणते बटण पुढे नेते आणि कोणते परीक्षेतून बाहेर काढते, हे त्याने दाबून पाहूनच ठरवावयाचे.

जोपर्यंत संगणकावरचा पाठ म्हणजे सरळ मजकूर होता, तोपर्यंत फारसे बिघडत नव्हते. पुढे शिक्षणतज्ज्ञांनी सांगितले, आणि ते योग्यच सांगितले, की विद्यार्थ्याने नुसते वाचू नये, काहीतरी करावे. मग पाठांत खेळ आले. ही चिठ्ठी उचलून त्या पेटीत टाका, चित्रातील योग्य जागेवर टिचकी मारा, पत्ते उलटून जोड्या लावा. करण्याचा अर्थ माऊसने काहीतरी हलविणे असाच घेतला गेला, आणि डोळस विद्यार्थी ज्या पाठात अधिक रमू लागला, त्याच पाठाबाहेर अंध विद्यार्थी उभा राहिला.

माझे एक सहकारी जन्मांध आहेत. टिपणी लिहिण्यात आणि नियमांचा आधार काढण्यात आमच्या शाखेत त्यांचा हात धरणारा नाही. एका वर्षी सर्वांना एक प्रशिक्षण सक्तीचे झाले. ते संगणकावरून पुरे करावयाचे होते आणि त्याची नोंद वार्षिक मूल्यमापनात होणार होती. यांनी अकरा पाठ आपल्या आपण पुरे केले. बाराव्यात वित्तीय अधिकारांचा विषय होता: डावीकडे चार अधिकारी, उजवीकडे आठ प्रकारचे खर्च, आणि प्रत्येक खर्च माऊसने ओढून योग्य अधिकाऱ्याच्या नावावर नेऊन सोडावयाचा. त्यांच्या कानी पडले ते एवढेच: 'चित्र, चित्र, चित्र.' तो पाठ पुरा झाल्याशिवाय तेरावा उघडत नव्हता. दोन दिवस त्यांच्या नावापुढे 'अपूर्ण' असा शेरा राहिला. अखेर एका कनिष्ठ लिपिकाने त्यांच्याशेजारी बसून, त्यांनी सांगितल्याप्रमाणे, माऊस फिरविला. प्रमाणपत्र आले. ते मला म्हणाले, "साहेब, ही सारी उत्तरे मला तोंडपाठ आहेत. पण आयुष्यात पहिल्यांदाच मी दुसऱ्याच्या हाताने परीक्षा दिली." त्या आठही खर्चांचे नियम त्यांनीच पूर्वी आम्हाला समजावून सांगितले होते, हे येथे सांगितले पाहिजे.

आता त्या बाराव्या पाठाचा हेतू काय होता? कोणता खर्च कोण मंजूर करू शकतो, हे अधिकाऱ्याला ठाऊक आहे की नाही एवढेच पाहावयाचे होते. चिठ्ठी ओढण्याचे कौशल्य कोणाला तपासावयाचे नव्हते. प्रत्येक खर्चासमोर चार नावांची यादी दिली असती आणि त्यांतून एक निवडावयास सांगितले असते, तर प्रश्न तोच राहिला असता, कस तोच लागला असता, आणि कळफलकावरून तो सहज सुटला असता. जगभर ज्या सुगम्यतेच्या मानकांचा आधार घेतला जातो, त्यांच्या २००८ च्या आवृत्तीत हे कलम अगदी पायाच्या पातळीवर आहे: जे माऊसने करता येते ते कळफलकानेही करता आले पाहिजे. २०२३ च्या आवृत्तीत तर असेही आले की, ओढून नेण्याची क्रिया अपरिहार्य नसेल तेथे नुसत्या टिचकीनेही काम व्हावे. कंप असलेल्या हातांचा विचार त्यामागे आहे.

म्हणून मला वाटते की हा प्रश्न यंत्रज्ञाकडे जाण्याआधी पाठ लिहिणाऱ्याकडे जातो. आपण नक्की काय विचारीत आहोत, हे त्याला स्वतःला माहीत असावे लागते. नकाशाचेच उदाहरण घ्या. 'कोयना धरणावर टिचकी मारा' या प्रश्नात काय तपासावयाचे आहे? धरण सातारा जिल्ह्यात आहे, ज्या नदीवर ते आहे ती कृष्णेला मिळते, हे ज्ञान तपासावयाचे असेल, तर ते शब्दांत विचारता येते आणि बहुधा अधिक चांगले विचारता येते. नकाशा वाचण्याचे कौशल्यच तपासावयाचे असेल, तर गोष्ट वेगळी. तेथे हातांनी चाचपता येईल असा उठावाचा नकाशा हवा. परंतु असे प्रसंग थोडे. बहुतेक ठिकाणी नकाशा आलेला असतो तो पान भरून दिसावे म्हणून.

चित्रांच्या वर्णनाची कथाही अशीच. प्रत्येक चित्रामागे दोन ओळींचे वर्णन लिहून ठेवण्याची सोय असते आणि स्क्रीन रीडर ते वाचतो. पुष्कळदा तेथे काहीच नसते, किंवा 'चित्र क्रमांक सत्तावीस' असे असते. क्रिकेटच्या धावत्या समालोचनाची ज्यांना गोडी आहे, त्यांना वर्णन म्हणजे काय ते शिकवावयास नको. समालोचक 'समोर एक मैदान आहे' असे सांगत बसत नाही. चेंडू कोठे गेला आणि किती धावा झाल्या ते सांगतो. आलेखाखाली 'स्तंभालेख' असे लिहिणे म्हणजे मैदान आहे असे सांगणे. पाच वर्षांत कोणता आकडा चढला आणि कोणता उतरला, ते सांगितले पाहिजे. आणि जे चित्र केवळ शोभेचे, त्याचे वर्णन मुद्दाम रिकामे ठेवावे, म्हणजे वाचक मुकाट्याने पुढे जाईल. गुच्छांची आणि हस्तांदोलनांची वर्णने ऐकवून कोणाचे ज्ञान वाढत नाही.

आणखी दोन अडचणी ऐकण्याच्याच आहेत. उत्तर दिले की पडद्यावर हिरवी खूण उमटते किंवा तांबडी फुली. कानाला मात्र काहीच कळत नाही. विद्यार्थी उत्तर देऊन शांततेत बसून राहतो. निकालाची ओळ उमटताक्षणी ती बोलून दाखविली जावी, अशी योजना पाठात करून ठेवता येते, आणि तिला फार कष्ट पडत नाहीत. दुसरी अडचण याच्या उलट. पान उघडताच निवेदकाचा आवाज आपोआप सुरू होतो, त्याच वेळी स्क्रीन रीडरही बोलू लागतो, आणि एकाच रेडिओवर दोन केंद्रे लागावीत तशी गत होते. त्यात उत्तराला तीस सेकंदांची मुदत असली, तर पुढचे बोलावयास नको.

यावर एक सोपा उपाय सुचविला जातो आणि तो देणारे सद्हेतूनेच देतात: अंधांसाठी त्याच पाठाची साध्या मजकुराची वेगळी प्रत काढावी. मला हा उपाय पंक्तिप्रपंचाचा वाटतो. एका पंगतीत बसलेल्यांना निरनिराळे वाढावे, तसा हा प्रकार. मूळ पाठ वर्षाला दोनदा सुधारला जातो, वेगळी प्रत तशीच राहते. मूळ पाठात प्रश्न असतात, गुण असतात, प्रमाणपत्र असते, आणि वेगळ्या प्रतीत पाने असतात. पाठ एकच असावा, आणि तो सर्वांना उघडावा.

'अशी माणसे आहेत तरी किती?' असा प्रश्न बैठकांतून विचारला जातो. २०११ च्या जनगणनेत दृष्टीची अक्षमता असलेल्यांची नोंद पन्नास लाखांवर होती. परंतु मी आकड्यावर भर देत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के राखीव जागांपैकी एक टक्का अंध व अल्पदृष्टी उमेदवारांसाठी ठेवला, आणि त्याच अधिनियमाने इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम्य असावा असेही सांगितले. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. माणसाला नोकरीत घ्यावयाचे आणि नोकरीसाठी सक्तीचा केलेला पाठ त्याला उघडू नये, ही स्थिती कायद्यातही बसत नाही.

अडते ते निविदेपाशी. निविदेत एक ओळ असते: 'अभ्यासक्रम सुगम्यतेच्या मानकांनुसार असावा.' पुरवठादार 'होय' असे लिहून देतो. पाहणीला बसलेल्या समितीतील सर्वांना दिसत असते आणि सर्वांच्या हाती माऊस असतो. तपासणीची यांत्रिक साधने आहेत, पण वर्णन आहे की नाही एवढेच ती सांगू शकतात. ते योग्य आहे की नाही हे सांगू शकत नाहीत. माझी सूचना अशी की, देयक मंजूर होण्यापूर्वी स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एका माणसाने तो अभ्यासक्रम पहिल्या पानापासून प्रमाणपत्रापर्यंत कोणाच्या मदतीवाचून पुरा करावा, त्याबद्दल त्याला रीतसर मानधन द्यावे, आणि त्याचा अहवाल देयकासोबत जोडावा. तो बाराव्या पाठात अडला, तर देयकही बाराव्या पाठात अडावे.

आपल्या मराठीपुरती एक निराळी अडचण आहे, आणि ती इंदूर-बडोद्याच्या श्रोत्यांनाही पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांइतकीच भेडसावणारी आहे. जुनी प्रशिक्षण-टिपणे कृतिदेवसारख्या टंकांत आहेत. पडद्यावर 'भारत' दिसते, पण संगणकाच्या नोंदीत तेथे एच, के, के, जे, आर अशी रोमन अक्षरे असतात, आणि स्क्रीन रीडर प्रामाणिकपणे तीच वाचतो. सारे पुस्तक असे ऐकावे लागले तर काय होईल, याची कल्पना करावी. हा मजकूर युनिकोडमध्ये आणला पाहिजे. रूपांतराची साधने आहेत, परंतु रफार आणि जोडाक्षरे त्यांत हमखास चुकतात, तेव्हा मुद्रितशोधन करावेच लागते. शिवाय, पाठ मराठीत आहे अशी खूण पानाच्या मुळाशी करावी लागते. ती नसली तर इंग्रजी आवाज देवनागरी वाचू पाहतो किंवा हिंदी आवाज पुढे येतो, आणि मग 'चहा' आणि 'चमचा' यांतला च एकच होऊन जातो. खूण करावयास एक ओळ पुरते. ती पाठ तयार करतानाच घालावी, कारण तीनशे पानांचा अभ्यासक्रम प्रसिद्ध झाल्यावर प्रत्येक पान उघडून ती घालावयास कोणी बसत नाही.