वर्धेच्या धुऱ्यांवरील चिमुकले प्रवासी

पोळा होऊन गेला, गणपति उठले आणि शेतांत पऱ्हाटी दाट झाली, म्हणजे वर्धा जिल्ह्यांत कांहीं पाहुणे येऊं लागतात. बदकें आणि राजहंस मोठ्या थाटानें तलावांवर उतरतात, म्हणून त्यांच्याकडे सर्वांचें लक्ष जातें. हे पाहुणे मात्र अंगानें चिमुकले, रंगानें मळकट हिरवे अथवा मातकट, आणि सदा पानांआड वावरणारे. मराठींत त्यांस वटवटे म्हणतात.

राखी वटवट्या व शिंपी हे त्यांचे सगेसोयरे बारमाही येथेंच राहतात आणि घरटींही येथेंच बांधतात. पाहुण्यांची गोष्ट निराळी. हिरवट पर्णवटवट्याचें वजन सात-आठ ग्रॅम, म्हणजे एका तोळ्याहूनही कमी. त्याचें माहेर हिमालयापासून सैबेरिया व बाल्टिक समुद्रापर्यंत पसरलेलें आहे. युरोपांतील पुष्कळ लहान पक्षी थंडींत आफ्रिकेकडे वळतात; हा मात्र हजारों मैल तोडून हिंदुस्थानची वाट धरतो. ब्लाइथचा वेळू-वटवट्याही तसाच. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचे संग्रहपाल एडवर्ड ब्लाइथ यांनीं १८४९ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. नांवांत वेळू असला, तरी तो पाणथळीपेक्षां झुडपांतच अधिक रमतो.

हा प्रवास बहुधा रात्रीं घडतो. १९५० नंतरच्या दशकांत जर्मनींत फ्रांट्स साउअर यांनीं वटवटे कृत्रिम तारांगणाखालीं ठेवून पाहिले, तेव्हां ते ताऱ्यांच्या मांडणीवरून दिशा ठरवीत असल्याचें दिसलें. रात्रभर उडून उतरलेला असा पक्षी उजाडतांच भक्ष्य शोधूं लागतो. म्हणूनच निरीक्षणास पहांटेसारखी वेळ नाहीं.

बोर अभयारण्याच्या कडेस, धाम नदीच्या काठीं, अथवा एखाद्या साध्या शेताच्या धुऱ्यावर निरीक्षकानें सूर्योदयापूर्वींच उभें राहावें. फार हिंडूं नये. एक झाड धरावें. आधीं कान लावावा, मग दुर्बीण. शेंड्याकडून ‘चि-वी’ असा दुपदरी स्वर आला, तर तो पर्णवटवट्या असण्याचा संभव फार. खालच्या जाळींतून ‘चक्, चक्’ असा कोरडा आवाज आला, तर ब्लाइथचा. पहिल्याची भुंवई फिकट पिवळी व पंखावर एक पुसटशी रेघ. दुसरा साधा, बिनरेघेचा. आवाजाचें हें महत्त्व जुनेंच आहे. इंग्लंडांत गिल्बर्ट व्हाइट यांनीं १७६८ सालीं एकसारखे दिसणारे तीन वटवटे गाण्यावरूनच वेगळे ओळखले होते. ऊन तापलें कीं सारी हालचाल मंदावते.

दक्षिण हिंदुस्थानांत झालेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, हिंवाळ्यांत प्रत्येक पर्णवटवट्या कांहीं झाडांची हद्द स्वतःची म्हणून राखतो आणि तींतील किडे वेंचून खातो. येथेंच खरा प्रश्न उभा राहतो. धुऱ्यावरची बाभूळ आणि बोरीची जाळी शेतकऱ्यास अडचणीची वाटते. सावलीनें पीक खुरटतें, नांगरास वळण मिळत नाहीं, जमीन आधींच थोडी. त्याची अडचण खोटी नव्हे. परंतु सैबेरियाहून आलेल्या पाहुण्यास तेवढीच जागा घर आहे, आणि पिकावरचे किडे तो मोबदला न मागतां टिपतो. सारा धुरा नाहीं, तरी एक कोपरा राखणें अशक्य नसावें.

दुसरें काम विद्यार्थ्यांचें. पाहुणा प्रथम कोणत्या तारखेस दिसला, तें वहींत लिहून ठेवावें. स्थलांतरी पक्ष्यांच्या आगमनाच्या अशा तारखा सामान्य निरीक्षकांकडून जमविण्याचा देशव्यापी उपक्रम २००७ सालीं सुरू झाला होता. एका वर्षाची नोंद क्षुल्लक वाटेल. दहा वर्षांची नोंद मात्र पाहुणा उशिरां येऊं लागला, कीं येईनासाच झाला, हें सांगूं शकते. ज्याच्या येण्याची नोंद नाहीं, त्याच्या न येण्याचीही वार्ता कोणास लागत नाहीं.