रवांडातील वंशसंहार आणि संयुक्त राष्ट्रसंघ

(संस्थेच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘युद्धग्रस्त प्रदेशातील नागरिकांची हत्याकांडे आणि जागतिक समुदाय’ असा भला मोठा विषय दिला आहे. एवढ्या विषयाला तासाभरात हात घालायचा म्हणजे दहा देशांची नुसती नावे घेऊन खाली बसावे लागेल. म्हणून मी एकच देश घेतो, आफ्रिकेतील रवांडा. आकाराने आपल्या कोकण विभागाहूनही लहान. १९९४ साली या देशात सुमारे शंभर दिवसांत आठ लाख माणसे मारली गेली असा संयुक्त राष्ट्रसंघाचा अंदाज आहे. रवांडाचे सरकार हा आकडा दहा लाखांच्या वर सांगते. बहुतेकांना कोयत्याने आणि खिळे मारलेल्या दांडक्यांनी मारले, आणि मारणारे पुष्कळदा शेजारीच होते.

यावर नेहमी एक उत्तर दिले जाते, की जगाला वेळेवर कळले नाही. ते उत्तर खोटे आहे, आणि ते खोटे आहे हे तारखांनीच दाखवता येते.

पण आधी तिथले लोक कोण, हे पाहू. हुतू, तुत्सी आणि संख्येने अगदी थोडे असे त्वा. भाषा एक, डोंगर तेच, बहुसंख्यांचा धर्मही एकच. १९३० च्या दशकात बेल्जियमच्या वसाहती राजवटीने शिरगणती केली आणि प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याचा गट लिहून टाकला. तो बापाकडून मुलाकडे जाणार. जन्माने चिकटलेली ओळख म्हणजे काय, हे या सभागृहात कोणी कोणाला समजावून सांगायला नको. साठ वर्षांनी रस्त्यारस्त्यावरच्या नाक्यांवर तेच ओळखपत्र मागितले गेले आणि ज्याच्यावर ‘तुत्सी’ लिहिलेले त्याला बाजूला काढून मारले गेले.

ऑगस्ट १९९३ मध्ये तिथले सरकार आणि बंडखोर रवांडन देशभक्त आघाडी यांच्यात अरुशा येथे शांतता करार झाला. त्याच्या देखरेखीसाठी ऑक्टोबरात सुरक्षा परिषदेने शांतिसेना मंजूर केली, २,५४८ माणसांची. कॅनडाचे जनरल रोमियो डॅलेअर तिचे सेनापती. ही सेना मंजूर होण्याच्या दोनच दिवस आधी सोमालियाच्या मोगादिशू शहरात अमेरिकेचे १८ सैनिक मारले गेले होते. आफ्रिकेत पुन्हा पाय अडकवून घ्यायचा नाही, हे वॉशिंग्टनमध्ये तेव्हाच ठरल्यासारखे झाले.

आता पहिली तारीख. ११ जानेवारी १९९४. (तीनच दिवसांनी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, म्हणून हा महिना आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात आहे.) त्या दिवशी डॅलेअर यांनी न्यूयॉर्कला तार पाठवली. एका खबऱ्याने सांगितले होते, की राजधानी किगालीतील सर्व तुत्सींची नोंद करण्याचा हुकूम सुटला आहे, शस्त्रे दडवली आहेत, त्याची माणसे वीस मिनिटांत हजार तुत्सी मारू शकतील. आणखी एक गोष्ट तो म्हणाला : काही बेल्जियन सैनिक ठार करायचे, म्हणजे बेल्जियम आपली तुकडी घेऊन निघून जाईल. डॅलेअर यांना ३६ तासांत ती शस्त्रे जप्त करायची होती. शांतिसेना विभागाचे प्रमुख तेव्हा कोफी अन्नान होते. त्यांच्या विभागाने उत्तर दिले, की हे तुमच्या अधिकारात बसत नाही. राष्ट्राध्यक्षांना आणि तीन देशांच्या राजदूतांना कळवा. म्हणजे ज्यांच्या माणसांनी शस्त्रे दडवली, त्यांनाच जाऊन सांगा.

६ एप्रिलच्या रात्री राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचे विमान पाडले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना यांना मारले आणि त्यांच्या रक्षणाला पाठवलेल्या दहा बेल्जियन सैनिकांनाही मारले. खबऱ्याने तीन महिने आधी सांगितले तसेच घडले, आणि बेल्जियमही त्याने सांगितले तसेच वागले.

युरोपातून विमाने मात्र लगेच आली. फ्रान्स आणि बेल्जियमचे उत्तम शस्त्रांनी सज्ज सैनिक उतरले, त्यांनी गोऱ्या लोकांना गोळा केले आणि ते परत गेले. किगालीतील एका तांत्रिक शाळेत सुमारे दोन हजार लोक बेल्जियन सैनिकांच्या आश्रयाला बसले होते. कुंपणाबाहेर मारेकरी वाट पाहत उभे होते, हे सगळ्यांना दिसत होते. ११ एप्रिलला सैनिकांना निघण्याचा हुकूम आला. ते निघाले, आणि त्या दोन हजारांपैकी बहुतेक जण मारले गेले. मला वाटते, जगाने काय केले या प्रश्नाचे उत्तर एका दिवसात पाहायचे असेल तर हा दिवस पाहावा.

त्यानंतर दहा दिवसांनी, २१ एप्रिलला, सुरक्षा परिषदेने एकमताने ठराव क्रमांक ९१२ संमत केला. शांतिसेना २७० माणसांवर आणायची! स्पर्धा परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांना परिषदेची रचना पाठ असते : पंधरा सदस्य, पाच कायम, त्यांना नकाराधिकार. त्या वर्षी उरलेल्या दहांत एक सदस्य रवांडाच होता, हे बहुधा त्या पुस्तकांत नसते. हत्या घडवणाऱ्या सरकारचा प्रतिनिधी त्याच टेबलाशी बसून चर्चा ऐकत होता. झेकोस्लोव्हाकिया फुटून नुकत्याच झालेल्या चेक प्रजासत्ताकाचे राजदूत कारेल कोवांदा आणि न्यूझीलंडचे कॉलिन कीटिंग यांनी घडते आहे त्याला ‘वंशसंहार’ म्हणावे असा आग्रह धरला. ३० एप्रिलला परिषदेच्या निवेदनात वंशसंहाराची कायद्यातील व्याख्या जवळजवळ जशीच्या तशी आली, शब्द तेवढा गाळला होता.

त्या शब्दाची एवढी भीती का? राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने तो १९४४ साली घडवला. १९४६ मध्ये क्युबा, पनामा आणि भारत या तीन देशांनी हा विषय संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत आणला. तोवर आपल्याला स्वातंत्र्यही मिळाले नव्हते. त्यातून ९ डिसेंबर १९४८ चा करार झाला. त्यात सही करणारे देश वंशसंहाराला शिक्षा देण्याचीच नव्हे तर तो रोखण्याचीही हमी देतात. म्हणून शब्द उच्चारला की काहीतरी करावे लागेल, या धास्तीने १० जूनपर्यंत अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या ‘वंशसंहाराची कृत्ये’ घडली असावीत एवढेच म्हणत राहिल्या. अशी किती कृत्ये झाली म्हणजे वंशसंहार होतो, असे एका पत्रकाराने विचारले, तेव्हा त्यांच्यापाशी उत्तर नव्हते.

रेडिओची गोष्टही सांगितली पाहिजे. ‘मिल कोलिन’ नावाचे केंद्र लोकांची नावे, पत्ते, गाड्यांचे क्रमांक सांगून त्यांना गाठायला लावत होते. ते प्रक्षेपण विमानातून बंद पाडावे अशी सूचना अमेरिकेत आली. ५ मेच्या संरक्षण खात्याच्या टिपणात विमानाचा खर्च तासाला साडेआठ हजार डॉलर येईल, शिवाय हा उपाय परिणामकारक नाही, असे लिहून तो विषय मिटवला आहे. आपल्याकडे त्या महिन्यात सुश्मिता सेनच्या मुकुटाचे कौतुक चालले होते. त्यात गैर काही नाही, आनंद होताच. पण ते टिपण लिहिणाऱ्यांना रवांडातील बातमी रोज मिळत होती.

१७ मेला परिषदेने नवे ५,५०० सैनिक मंजूर केले. सैनिक देणारे आफ्रिकी देश, त्यांच्याकडे चिलखती गाड्या नाहीत. अमेरिकेकडे आहेत, पण त्यांचे भाडे, वाहतूक, रंग कोणी द्यायचा यावर आठवडे गेले. ही कुमक पोहोचली तेव्हा संहार संपला होता. तो थांबवला देशभक्त आघाडीच्या सैन्याने. ४ जुलैला त्यांनी किगाली घेतली. (त्या सैन्याच्या हातूनही नागरिक मारले गेले, आणि त्याबद्दल फारच थोड्यांना शिक्षा झाली, हेही नोंदवले पाहिजे.)

हुकूम २७० चा होता, तरी डॅलेअर यांनी सुमारे साडेचारशे माणसे ठेवून घेतली. त्यांत घानाचे सैनिक बरेच होते. दारूगोळा तुटपुंजा, अन्नाची ओढाताण. तरीही अमाहोरो क्रीडांगणात त्यांच्या आश्रयाला बसलेले हजारो लोक जगले. सेनेगलचे कॅप्टन म्बाये डियान हे निःशस्त्र निरीक्षक. ते चार-पाच माणसे गाडीत घालीत, नाक्यावरच्या मारेकऱ्यांशी हसत, सिगारेटी वाटत आणि पुढे जात. असे करत त्यांनी शेकडो जीव वाचवले. ३१ मेला त्यांच्या गाडीजवळ तोफगोळा पडून ते गेले. त्यांच्या नावाचे शौर्यपदक संयुक्त राष्ट्रसंघाने २०१४ साली, वीस वर्षांनी, सुरू केले. पाच हजार सज्ज सैनिक असते तर संहार थोपवता आला असता, असे डॅलेअर म्हणत आले. काही अभ्यासकांना ते पटत नाही. मला एवढे दिसते, की मूठभर माणसे जिथे उभी राहिली तिथे लोक वाचले आणि जिथून निघून गेली तिथे मारले गेले.

न्याय पुढे झाला, मंद गतीने. अरुशा येथे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण बसले. २ सप्टेंबर १९९८ रोजी ताबा गावाचे महापौर झाँ-पॉल अकायेसु यांना वंशसंहाराबद्दल दोषी ठरवले गेले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेला असा हा पहिला निकाल. त्या खंडपीठावर दक्षिण आफ्रिकेतील तमिळ कुटुंबात जन्मलेल्या न्यायमूर्ती नवनीतम पिल्ले होत्या, आणि साक्षीदार स्त्रियांच्या जबानीवरून बलात्कार हाही वंशसंहाराचा प्रकार असू शकतो हे याच खटल्यात मान्य झाले. खुद्द रवांडात गवतावर बसणाऱ्या ‘गचाचा’ या गाव-न्यायालयांनी २०१२ पर्यंत लाखो प्रकरणे निकाली काढली.

न्यांगे गावच्या चर्चमध्ये सुमारे दीड हजार लोक आश्रयाला गेले होते. तिथल्याच धर्मगुरूला, चर्च बुलडोझरने त्यांच्या अंगावर पाडण्यात भाग घेतल्याबद्दल, जन्मठेप झाली. हे ऐकून आपण दुसऱ्यांच्या धर्माकडे बोट दाखवू नये. म्यानमारच्या भिक्खूंनी २००७ साली लष्करशाहीविरुद्ध मेत्त सुत्त म्हणत मोर्चे काढले, त्याचा आपल्याला अभिमान वाटला. त्याच देशात पुढे काही भिक्खूंनीच मुसलमानांविरुद्ध द्वेष पसरवला, आणि ऑगस्ट २०१७ पासून लष्कराच्या मोहिमेमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. चीवर पाहून मन कचरते, पण पहिल्या शीलाला चीवराचा अपवाद नाही. सुरक्षा परिषद तेव्हाही ठराव करू शकली नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला तो गांबिया, आफ्रिकेतील एक चिमुकला देश, २०१९ साली. २३ जानेवारी २०२० ला न्यायालयाने रोहिंग्यांच्या रक्षणाचा अंतरिम आदेश दिला.

शेवटी कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी. १९४८ च्या करारात सामील होणाऱ्या देशाने त्यासाठी स्वतःचा कायदा करायचा असतो. ज्या भारताने १९४६ साली पुढाकार घेतला, तो १९५९ मध्ये करारात सामील झाला. कायदा झालेला नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने १९८४ च्या शीख हत्याकांडातील एका खटल्यात, १७ डिसेंबर २०१८ च्या निकालात, ही उणीव दूर करणे निकडीचे आहे असे म्हटले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यातही वंशसंहार हा वेगळा गुन्हा नाही. तो निकाल आणि ती संहिता वाचनालयात शेजारी शेजारी ठेवून वाचा, आणि कलमाचा मसुदा स्वतः लिहून पाहा. पुढच्या वेळी आलो तर तो वाचायला मला आवडेल.

आपले प्रश्न असतील ते विचारावेत. जय भीम.