एकाचे तीन होतात, ते कसे?

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या कोजागिरी संमेलनात गच्चीवर केलेले भाषण)



सेक्रेटरी म्हणाले, "काका, दूध आटेपर्यंत बोला, विषय तुमच्या आवडीचा." मी बँकेतला माणूस. माझ्या आवडीचा विषय म्हणजे हिशेब. म्हणून त्या कोपऱ्यात घरघरणाऱ्या हीट पंपाचा हिशेब आज मांडतो. त्या हिशेबात माझी एक चूक आहे. ती या वर्षी सर्वांसमोर कबूल करायची आहे.

आपल्या बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी जुन्या सोलरच्या नळ्या बसल्या, तेव्हाची गोष्ट. मी खजिनदार होतो. एक विक्रेता आला आणि म्हणाला, "एक युनिट वीज घाला, तीन युनिट उष्णता घ्या." एकाचे तीन करून देणारी माणसं मी नोकरीत पुष्कळ पाहिली. दुसऱ्या वर्षी ती पत्त्यावर सापडत नाहीत. वार्षिक सभेत मी ताडकन उभा राहिलो आणि विरोध केला. तुमच्यापैकी काहींनी टाळ्याही वाजवल्या!

घरी आल्यावर सौ. म्हणाली, "थंडीत मी दही फ्रिजमागे का लावत होते? तिथे ऊब असायची म्हणूनच ना?" आमच्या जुन्या फ्रिजची जाळी मागे उघडी होती. आतल्या भाजीची उष्णता काढून तो मागे टाकत होता. म्हणजे उष्णता तयार करावी लागतेच असं नाही, ती एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेता येते. चाळीस वर्षं ते दही मी खाल्लं, पण हे डोक्यात आलं नाही.

आता ती नेतो कोण? या शेगडीवर नुसत्या पाण्यात तापमापी ठेवा. पारा १०० अंशांपर्यंत चढेल आणि तिथेच थांबेल. गॅस कितीही मोठा करा, पुढे सरकणार नाही. मग पुढची उष्णता जाते कुठे? पाण्याची वाफ करण्यात. एक ग्रॅम पाणी ० पासून १०० अंशांपर्यंत तापवायला १०० कॅलरी लागतात, पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० लागतात! ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७६०च्या दशकात हे मोजून दाखवलं. शाळेत आपण याला अप्रकट उष्मा म्हणत होतो. माझ्या भाषेत ही मुदत ठेव. बचत खात्याच्या पासबुकात दिसत नाही, पण वाफेचं पुन्हा पाणी झालं की सगळी रक्कम परत मिळते. म्हणून तर उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका वाईट.

हीट पंपात पाण्याऐवजी दुसरा द्रव फिरतो. उदाहरणार्थ आर-१३४ए हा साध्या दाबाला उणे २६ अंशांनाच उकळतो. त्याला डिसेंबरच्या पहाटेची हवासुद्धा शेगडीसारखी! बाहेरच्या जाळीत तो हवेची उष्णता घेऊन उकळतो. त्याची वाफ कॉम्प्रेसर दाबतो. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढला की पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, तसंच इथे. दाबलेली वाफ ६० अंशांनासुद्धा द्रव होते आणि आपली मुदत ठेव टाकीतल्या पाण्यात मोडते. मग तो द्रव एका बारीक छिद्रातून जातो, दाब एकदम उतरतो, थोडी वाफ तिथेच होते आणि द्रव व वाफ यांचं मिश्रण पुन्हा जाळीत शिरतं. इंजिनिअर याला टू-फेज फ्लो म्हणतात. नुसता कोरडा वायू फिरवला असता तर एवढी उष्णता वाहायला कितीतरी जास्त वायू पळवावा लागला असता.

ही काही नवी जादू नाही. लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्ये ही कल्पना मांडली. झुरिकच्या टाऊन हॉलमध्ये १९३८ साली असा पंप बसला, तो नदीच्या पाण्यातून उष्णता घेत होता. त्या बारीक छिद्रात दाबाची जी शक्ती वाया जाते, ती वापरण्यासाठी नॉर्मन गे यांनी १९३१ मध्ये इजेक्टरचं पेटंट घेतलं.

आता ताळेबंद. १०० लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायला साधारण ३.५ युनिट लागतात. गीझर ती सगळी विजेतून घेतो. तिप्पट देणारा पंप १.२ युनिटच्या आत भागवतो, बाकीची हवेच्या खात्यातून. आणि दलालीसुद्धा वाया जात नाही, कॉम्प्रेसरची बरीचशी ऊबही पाण्यातच जमा होते.

पुढच्या सभेत मीच ठराव मांडला आणि तिथेच चूक केली. आवाज नको, चोरी नको, म्हणून पंप तळमजल्यावरच्या बंद खोलीत बसवायचा हट्ट धरला. त्या हिवाळ्यात तुम्ही कोमट पाण्याने आंघोळी केल्या आणि बिलही उतरलं नाही. आमच्या विंगमधल्या आजी जिन्यात मला म्हणाल्या, "भाऊ, तुमचा हिशेब आमच्या बादलीत नाही आला हो." रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून वही घेऊन त्या खोलीत बसलो. एकाचे तीन सोडा, दोनही होत नव्हते. खोलीत थंडी इतकी की स्वेटर घालावा लागला, जाळीवर बर्फ! पंप त्या कोंडलेल्या हवेतूनच उष्णता काढत होता आणि खातं रिकामं झालं होतं. हवा जितकी थंड, तितका त्या द्रवाचा उकळण्याचा दाब कमी, आणि कॉम्प्रेसरची चढण तितकी मोठी. पंप गच्चीवर आणला आणि आठवड्यात वहीतले आकडे सुधारले. हलवण्याचा खर्च मात्र सोसायटीला पडला, तो माझ्यामुळे.

म्हणून तीनच विनंत्या. जाळीपुढे कपडे वाळत घालू नका, तिच्यावर धूळ साचू देऊ नका. गॅस कमी झाला तर नुसता भरून घेऊ नका, आधी गळती शोधायला लावा. आणि पाणी ५५ अंशांवर पुरत असेल तर ६५चा आग्रह नको, प्रत्येक वरचा अंश महाग पडतो.

ती वही आज मी सेक्रेटरींकडे देतो. दर महिन्याच्या १ तारखेला एखाद्या नववी-दहावीच्या मुलाने किंवा मुलीने रीडिंग घ्यावं. विक्रेत्याचं ऐकू नये, माझंही ऐकू नये, मीटर बघावा.

दूध आटलेलं दिसतंय.