मरणाची भीती आणि एपिक्युरस

ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस अथेन्समधल्या आपल्या बागेत शिष्यांना शिकवी: सुखदुःख कळतं ते जाणिवेला. मेल्यावर जाणीवच उरत नाही, मग त्रास होणार कोणाला? रोमन कवी ल्युक्रिशियसनं पुस्ती जोडली, जन्मापूर्वीच्या अनंत काळाची आपण खंत करत नाही, तर मरणानंतरच्या काळाची कशाला? बिनतोड वाटतं खरं; पण मध्यरात्री दचकून जाग आली की हे तर्कशास्त्र कुठल्या कुठे जातं! अमेरिकी तत्त्वज्ञ थॉमस नेगल यांनी १९७० साली वेगळंच म्हटलं. मरण वाईट, कारण जगता आलं असतं ते हिरावतं. मला हे अधिक पटतं. एपिक्युरसनं मात्र इसवी सनपूर्व २७०च्या सुमारास, मूतखड्याच्या असह्य वेदनांत, अखेरच्या दिवशी मित्राला पत्र धाडलं. त्यात जुन्या गप्पांचा आनंद होता आणि दिवंगत शिष्याच्या मुलांना सांभाळण्याची विनंतीही.