संशयाला प्रेम म्हणू नका

पुण्यात दोघंही कमवत असतात. काम सुटतं आणि जोडपं मुरुमच्या आसपास, त्याच्या गावी राहायला येतं. त्याला इथे भावकी आहे, शेत आहे, पारावरचे मित्र आहेत. तिला काय? सातबारा सासऱ्याच्या नावावर, पगार बंद, माहेर लांब. हातात उरतो एक मोबाईल, आणि भांडण त्याच्यावरूनच पेटतं. ‘कुणाशी बोलत होतीस?’ तीही विचारते, ‘बाजारात एवढा वेळ?’

शहरातून रिकाम्या हाताने परतल्याची बोच त्याला आहे, हे खरं. पण दोघांचा संशय सारखा नाही. तिचा संशय रडण्यात संपतो. त्याचा संशय तिचं बाहेर पडणं बंद करतो. गल्लीही त्यालाच साथ देते.

‘जीव आहे म्हणून संशय घेतो’ हे बैठकीत खपवून घेऊ नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे नियम २००६ साली आले. त्यातल्या घटना अहवालाच्या नमुन्यात चारित्र्यावर शिंतोडे उडवणं, घराबाहेर पडू न देणं, नोकरी करू न देणं याचीही नोंद करता येते. अंगावर वळ दिसायलाच हवेत असं नाही.

तेव्हा मारहाणीची वाट न पाहता तिला बचत गटात आणा, तिच्या नावाचं खातं उघडा, कामाचं बघा. त्याच्याशीही बोला. स्वतःची कमाई आणि चार मैत्रिणी पाठीशी असल्या, की ‘कुणाशी बोलत होतीस?’ याला ती न घाबरता उत्तर देईल, किंवा द्यायचं नाही असं ठरवील.