उन्हाचा कहर आणि श्रमिकाचा हक्क

(फरीदाबाद येथील कामगार अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)

फरीदाबाद हे श्रमिकांच्या हातांनी उभे राहिलेले शहर आहे. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांनी 1949 पासून स्वतः राबून येथील घरे बांधली. त्याच शहरात आज भट्टीपुढे, पत्र्याच्या छपराखाली राबणारा मजूर ज्येष्ठाच्या उन्हात होरपळतो. दिवसभर तापलेला पत्रा आणि सिमेंट रात्रीही उष्णता सोडत राहतात. म्हणून खोलीवर परतल्यावरही शरीराला विसावा नाही. पुढे हवा दमट झाली की घाम वाळत नाही, आणि पारा उतरला तरी धोका टळत नाही.

ऊन निसर्गाचे असते; त्याचे बळी मात्र समाजव्यवस्था निवडते. 1995 साली शिकागोत सातशेहून अधिक माणसे उष्म्याने दगावली; त्यांत एकाकी व गरीब वृद्धांचा भरणा होता. मे 2010 मध्ये अहमदाबादेत पारा 46.8 अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले. त्यानंतर 2013 मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा आखला. आगाऊ इशारे, रुग्णालयांची सज्जता, पाण्याची सोय हे त्याचे घटक. इतर शहरांनीही तो मार्ग धरला. हे पाऊल स्वागतार्हच आहे.

परंतु ‘दुपारी घराबाहेर पडू नका’ हा इशारा ज्याची रोजी थांबत नाही त्याच्याच उपयोगाचा. नगावर मजुरी घेणाऱ्याने हात थांबवला तर संध्याकाळची चूल थांबते. केरळात उन्हाळ्यात उघड्यावरील कामगारांना दुपारी कामातून सवलत देण्याचे आदेश निघतात. कतारने 2021 मध्ये 1 जून ते 15 सप्टेंबर या काळात सकाळी 10 ते दुपारी 3.30 पर्यंत उघड्यावरील कामास बंदी घातली. पण भट्टीजवळचा कामगार उघड्यावर नसतो, त्याचे काय? 1948 च्या कारखाना कायद्याने उन्हाळ्यात पिण्याचे पाणी थंड करण्याचे बंधन घातले, तेही 250 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांवरच. लहान कारखान्यातला कामगार त्याबाहेर राहिला.

दुपारची विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नव्हे. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी साप्ताहिक सुटीबरोबर दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीचीही मागणी केली होती. साप्ताहिक सुटी 1890 मध्ये मिळाली, ती संघटित रेट्यामुळे.

म्हणून आजच्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत: कारखान्याच्या आतील तापमान मोजून त्यास कायदेशीर मर्यादा घालावी, ती ओलांडताच भरपगारी विश्रांती द्यावी, कारण बिनपगारी विश्रांती म्हणजे उन्हाचा दंड मजुरानेच भरणे, कामावरील उष्माघात हा कामावरील अपघात मानून भरपाई द्यावी, आणि वस्तीत पाणी, सावली व वीज यांची हमी असावी.

साथींनो, थर्मामीटर मालकाच्या खोलीत नव्हे, भट्टीपाशी टांगला गेला पाहिजे. तो तेथे टांगून घेणे हे युनियनचे काम आहे.